रिकामा टब

त्या उन्हाळ्यात संभाजीनगरात आमच्या भागाला आठ दिवसांनी पाणी आलं होतं आणि घरात वाटीसुद्धा रिकामी नव्हती. नेमका त्याच दुपारी माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकला तडा गेला आणि पाणी गळू लागलं. आत चार वर्षं जपलेला समुद्री स्पंज होता. तो क्षणभर जरी पाण्याबाहेर आला तरी अंगात हवा शिरून मरतो. गोडं पाणीही त्याला चालत नाही. त्याच्याच खाऱ्या पाण्यासकट त्याला हलवायचं, तर मोठं रिकामं भांडं हवं होतं. मी आमचा भरलेला टब ओतायला वाकलो, पण आठ दिवसांचं पाणी मोरीत सोडायला हात धजेना.

माझी धावपळ ऐकून समोरच्या फ्लॅटमधल्या मनकर्णामावशी दारात आल्या.

"त्यो पिवळा दगड हाय ना रे, मंदार?"

"दगड नाही मावशी, जीव आहे. पाण्याबाहेर काढला की मरेल."

मावशी आपल्या घरात गेल्या आणि थोड्या वेळानं प्लास्टिकचा मोठा टब घेऊन आल्या.

"घे. रिकामाच पडला होता."

स्पंज वाचला. हात पुसत मी मावशींचे आभार मानायला गेलो आणि उंबऱ्यातच थांबलो. मोरीपर्यंतची फरशी ओली होती. आत मावशी सुनेची समजूत घालत होत्या,

"आठ दिस धुणं नाय धुतलं, तर कुणी मरत नाय."