लग्नघरातला पेशंट

आजारी कोण पडणार, यावरून फोनवर चांगलीच जुंपली होती.

धाकटीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिचा दादा परदेशात अडकून पडला होता. तिथे तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सहा वर्षं इमानेइतबारे लिफ्टच्या विहिरींत उतरून त्याने कायमच्या रहिवासाचा अर्ज केला होता. त्यालाही आता आठ महिने होत आले होते. अर्ज टेबलावर असताना देश सोडला, की अर्ज बाद. मग पुन्हा पहिल्यापासून सहा वर्षं. सूट एकच होती. आई, वडील, बायको किंवा मूल गंभीर आजारी असेल, तर पासपोर्टात परतीचा शिक्का मारून महिनाभर सोडत. बहिणीचं लग्न हा काही आजार नव्हता. बायकोमुलांचा अजून पत्ता नव्हता. राहता राहिले आईबाबा.

आईने पहिल्याच झटक्यात हात वर केले. ती आडवी झाली तर पाहुण्यांचं कोण बघणार? आत्या मात्र एका पायावर तयार होती. तिच्याकडे अकरा दुखणी होती आणि प्रत्येकाची वेगळी गोळी होती. पण आत्या नियमात बसत नाही, हे कळल्यावर ती रुसलीच. एवढी वर्षं दुखणी काढली, आणि ऐन वेळी कुणाला त्याची किंमत नाही, असं म्हणून तिने फोन धाकटीच्या हातात कोंबला.

तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "माझं नाव लिहा."

सगळे खो खो हसले. बाबा शाळेत पी.टी.चे मास्तर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हा माणूस चहासुद्धा 'सावधान'मध्ये प्यायचा. घरात कुणी शिंकलं, की त्याला मैदानाला दोन चकरा मारायला पाठवायचा. यांना आजारी कोण म्हणणार? दादाला आपला अर्ज पाण्यात बुडताना दिसायला लागला. पण दुसरा उमेदवारही नव्हता.

दाखले विकत मिळतात, हे तिथल्या कचेरीला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना पेशंट प्रत्यक्ष बघायचा असे, व्हिडिओ कॉलवर. आठवडाभर तालमी झाल्या. दिग्दर्शन अर्थातच आत्याकडे आलं, त्यामुळे तिचा रुसवाही गेला. आवाज बारीक काढा, दोन महिन्यांपासून बरं नाही म्हणा, जास्त बोलू नका, असं तिने बजावलं. बाबा खोकून दाखवायचे तेव्हा वर्गाला उभं राहायचा हुकूम सोडल्यासारखं वाटायचं. आत्याने डोक्याला हात लावला.

ठरलेल्या दिवशी खिडकीतल्या अधिकारीबाईंनी दादाला चष्म्यावरून न्याहाळलं. लग्नसराईत लोकांचे वडील फार आजारी पडतात, असं त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. मग म्हणाल्या, मी विचारते, तुम्ही भाषांतर करा, मी त्यांचा चेहरा बघते.

स्क्रीनवर बाबा आले. गळ्यापर्यंत पांघरूण, पायाशी रुमाल घेऊन आत्या. मागच्या भिंतीवरची दिव्यांची माळ काढायची राहून गेली होती आणि ती लुकलुकत होती. आजाऱ्याला तेवढंच बरं वाटावं म्हणून लावली आहे, अशी थाप दादाने ठोकून दिली.

कधीपासून त्रास होतो, असं बाईंनी विचारलं.

"आठ महिने झाले," बाबा म्हणाले.

घ्या, पहिलंच वाक्य विसरले. दादाने कपाळावरचा घाम पुसला आणि आठ तर आठ म्हणून भाषांतर केलं. बाबा मात्र थांबेनात. जिना एका दमात चढवत नाही, म्हणाले. मधल्या पायरीवर वाकून बुटाची नाडी बांधतो, म्हणजे कुणाला कळत नाही. आडवं झालं की श्वास कोंडतो. म्हणून खुर्चीतच झोपतो आणि पेपर वाचता वाचता डोळा लागला, असं सांगतो.

दादाला हसू आवरेना. गालाला आतून चावून तो एकेक वाक्य बाईंना सांगत गेला. आणि मग बाबांनी कमालच केली. गादीखालून एक जाडजूड फाईल काढली आणि त्यातला तपासण्यांचा एकेक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आत्याच्या हातातला रुमाल खाली पडला. वा, आत्याही काही कमी नाही, असं दादाला वाटलं.

बाईंनी पुढे काहीच विचारलं नाही. पासपोर्ट ओढला, शिक्का मारला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, लवकर जा.

दादाने कचेरीच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. धाकटीने उचलला. बाबांनी आयुष्य फुकट मैदानात घालवलं, नाटकात जायला हवं होतं, असं तो हसत हसत बोलत सुटला. आणि ती फाईल कुठून पैदा केलीस, असं त्याने विचारलं.

"मी नाही आणली," धाकटी म्हणाली. "मला वाटलं तू पाठवलीस."

आत्यानेही आणली नव्हती. आई तर पलंगाच्या कडेला बसून एकेक कागद उलटत होती. सगळ्यात खालच्या कागदावरची तारीख धाकटीने वाचून दाखवली. दादाने अर्ज भरला, त्याच आठवड्यातली. मग त्याने बाबांना फोन द्यायला सांगितलं आणि आठ महिने का लपवलंत, असं कसंबसं विचारलं. रडू येत होतं आणि रागही येत होता.

"आधी सांगितलं असतं, तर अर्ज तसाच टाकून धावत आला असतास," बाबा म्हणाले. "तेव्हा ही शिक्क्याची सूट मला कुठे ठाऊक होती? आता शिक्का बसलाय ना? मग ये."