आप्पांची हाळी

आप्पांच्या अन्ननलिकेतली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. "ती मज्जातंतूंत शिरली होती. परत उद्भवण्याची भीती जास्त आहे. आवाज बसला, तर लगेच आणा." घरी मी एवढंच सांगितलं, "समदी निघाली." चार महिन्यांनी चकलांब्याच्या माळावर आप्पांनी मेंढरांना हाळी दिली. घशातून नुसती खरखर आली. एकही मेंढी वळली नाही. "धुरळ्यानं घसा बसला आसंल," मी म्हणाले.  आप्पांनी आपली घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली. "घोंगडीला माझा वास हाय, हाळी तू दे. मी हाय तवर त्यांना तुझी वळख होऊ दे." मी हाळी दिली. पुढची म्हातारी मेंढी वळली, घोंगडी हुंगायला आली. मागोमाग कळप आला. आप्पा हसले. मी त्या मेंढीलाच फटका मारला, "कशाला आलीस गं एवढ्यात?"