रडायचा खडक

मियाको बेटावरच्या त्याच गेस्टहाउसमध्ये निवांत सुट्टीला पोहोचताच ज्ञानदाला समुद्राआधी कुकरची शिट्टी ऐकू आली. गेल्या वर्षी समोरच्या खडकावर बसून, पुण्यातली वकिली सोडून जपानला आल्याचा पश्चात्ताप होतोय, असं ती नवऱ्याला रडत रडत म्हणाली होती. “हे तुझ्यामाझ्यातच राहील,” अशी केदारनं शपथही घेतली होती. आज टोकियोच्या फुनाबोरी भागातलं त्यांचं अख्खं मराठी मंडळ शेजारच्या खोल्यांत कुकरसकट उतरलेलं. “वहिनी, तुमचा रडायचा खडक सापडला बरं का!” स्नेहलताताई ओरडल्या. “आमचे फोटो काढून झाले. आता तुम्ही बसा, म्हणजे खरं वाटेल!” ज्ञानदानं केदारकडे पाहिलं. “अगं, गमतीगमतीत निघालं तोंडून.” खिचडीचा घास गिळत त्यानं मोबाइल उंचावला. “हस की जरा!” ज्ञानदा खडकावर बसली, हसलीसुद्धा. रडू आताही येत होतं. पण गेल्या वेळी सांगायला निदान नवरा होता.