ओळखीचा वास

"गाठ फुफ्फुसाच्या एकाच भागात आहे." डॉक्टरीणबाईंनी स्कॅनच्या चित्रावर बोट ठेवलं. "पसरलेली नाही. बरगड्यांमधून शिरून तेवढा भाग काढून टाकू. आशा चांगली आहे."

टेबलावर साहेब खोकला. कुत्र्याचं नाव साहेब, कारण घरात हुकूम त्याचाच चालायचा. नाव मुलानं ठेवलेलं. मुलगा आईशी कडाक्याचं भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून घरात त्याचा विषय काढायची सोय नव्हती. बाबांचा जीव त्याच्यासाठी तुटायचा. आई आसपास नसली की ते साहेबाशी मुलाबद्दल बोलत बसत. साहेब गेला, तर तेवढंही कुणी उरणार नव्हतं.

"खरी परीक्षा नंतरच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "छातीत नळी असेल. शुद्धीवर येताना घाबरून उठला आणि नळी उपसली, की सगळं मुसळ केरात. म्हणून आम्ही पिंजऱ्यात अंगावरचा कपडा ठेवतो, ज्या माणसावर कुत्र्याचा जीव आहे त्याचा. ओळखीच्या वासानं पडून राहतात."

"माझा सदरा घ्या," बाबा घाईनं म्हणाले.

"तुमच्यावर जीव आहे त्याचा?"

खोटं बोलणं बाबांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. "मुलावर आहे," बायकोकडे न बघता ते पुटपुटले. "पण तो इथं नसतो. आणि हिनं त्याचे कपडे केव्हाच धुऊन वाटून टाकले."

आई उठली आणि तडक बाहेर पडली. बाबांनी कपाळाला हात लावला. विषय निघाला होता. आता आपली धडगत नाही.

साहेबाच्या छातीवरचे केस भादरून होतात तोच ती धापा टाकत परतली. हातात प्लास्टिकची पिशवी होती, तोंड दोऱ्यानं करकचून बांधलेलं. दोरा नखांनी सुटेना, तेव्हा तिनं तो दातांनी तोडला. आत मुलाचा टी-शर्ट होता. चुरगळलेला, काखेत घामाचे पिवळे डाग. बाबा बघतच राहिले.

मदतनीस बाईनं हात पुढे केला. आईनं शर्ट लगेच दिला नाही. आधी सगळ्यांदेखत तोंडाशी धरला, मग दिला.

"काम झालं की परत द्या," ती म्हणाली. "धुऊ नका."