वीतभर दार

लेकानं लोखंडी पिंजरा ओट्यावर दाणकन ठेवला. "आये, आज एक तरी पाणमांजर गावतलाच. नव्या जाळ्याची पार वाट लावल्यानी मेल्यांनी!"

द्रौपदीनं फाटकं जाळं मांडीवर ओढून चाचपलं. कितीतरी वर्षांनी ती जनावरं खाडीत परतली होती, आणि बाजारातून आणलेल्या या जाळ्याची वीण चारी कोपऱ्यांना घट्ट होती. तिला एकदम हसू फुटलं.

नवी नवरी असताना तिनं सासऱ्यांच्या जाळ्याच्या खालच्या कोपऱ्यातलं वीतभर भोक मोठ्या हौसेनं विणून बुजवलं होतं. शाबासकीची वाट बघत ती उभी राहिली, तर सासऱ्यांनी कपाळाला हात लावला.

"अगो बाय माझे, ता भोक नाय, पाणमांजराचा दार! आत शिरतला, चार मासे खातला आणि गपचूप जातला. दार बुजवलंस तर भिंत फोडतला."

मग आपली वीत लावून त्यांनी तेवढंच भोक परत उसवलं होतं.

"त्या पिंजऱ्यात कोंबडी कोंड जा," असं म्हणत द्रौपदीनं सुरी उचलली.

"आये, आता तू पण फाडतंस?" लेक ओरडला.

तिनं लक्षच दिलं नाही. खालच्या कोपऱ्याला वीत लावून ती दोरा कापत गेली, आणि मध्येच थांबली. वल्ही मारून रुंद झालेला सासऱ्यांचा पंजा तिच्या डोळ्यांपुढे आला.

आपल्या वितीपुढे तिनं आणखी दोन बोटं धरली, आणि तेवढं जास्त कापलं.