नव्या दमाचा खेळ

पाच जण मागे बचावाला ठेवून खेळायची कोचसाहेबांची पद्धत प्रेक्षकांना रटाळ वाटायची, म्हणून फुटबॉल क्लबने त्यांना नारळ दिला आणि त्यांच्याच जावयाला नेमलं.

जावयाने आल्या आल्या गोल मारणारे नवे गडी आणले, सगळ्यांना पुढे पिटाळलं, आणि संघ ओळीने सामने हरू लागला. मग एका रविवारी तो सासुरवाडीला आला आणि सासऱ्यांबरोबर खोलीचं दार लावून बसला.

पुढचा सामना संघाने जिंकला. टीव्हीवर ‘नव्या दमाचा खेळ’ म्हणून तोंडभरून कौतुक सुरू झालं.

"अहो, पाच जण मागेच तर होते! ही तर तुमचीच पद्धत," बायको म्हणाली.

कोचसाहेबांनी घाईघाईने खिडकी लावून घेतली.



"अगं, हळू बोल! लोकांना कळलं, तर त्यालाही काढतील."