उजवी बाजू

दिग्दर्शक चारला यायचा होता आणि बाई तीनपासून खुर्चीत बसून होत्या. मुलीनं केस विंचरून दिले, पावडर लावू का म्हणून विचारलं. बाईंनी डाव्या हातानंच नको म्हटलं. भूमिकेतली आई पावडर लावणारी नव्हती.

ती आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली होती. तीस वर्षं साठ खुर्च्यांच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं करून, सिनेमात नर्स, शेजारीण, वकिलाची आई, रांगेत भांडणारी म्हातारी होऊन झाल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी बाईंना सिनेमाभर दिसेल असं काम दिलं होतं. बाई तीन आठवडे इस्पितळात फिजिओथेरपीच्या बाकावर बसून रुग्ण बघत राहिल्या. संहितेत आईची डावी बाजू गेलेली होती, म्हणून घरी डावा हात पट्ट्यानं कमरेला बांधून जेवल्या. शूटिंगला अकरा दिवस उरले असताना खरा झटका आला. तो उजवीकडे आला.

"एवढी तयारी केलीस आणि नेमकी बाजू चुकलीस," मुलगी म्हणाली होती. बाई हसल्या होत्या, अर्ध्या.

दिग्दर्शक फुलं घेऊन आला. पूर्वी बाईंच्याच शिबिरात शिकलेला. त्यानं बाईंचा हात प्रेमानं हातात घेतला, नेमका जाणीव नसलेला.

"बाई, एकदम फ्रेश दिसताय!"

"खा... खाट," बाई म्हणाल्या.

"काय म्हणतायत?"

"सेटवरची खाट," मुलगी म्हणाली. "ती फिरवून लावा म्हणतेय. म्हणजे कॅमेऱ्याकडे उजवी बाजू येईल आणि काही बदलावं लागणार नाही. चार दिवस हेच चाललंय तिचं. डाव्या हातानं कागदावर काढूनसुद्धा दाखवलं मला."

"बघा! डोकं अजून कसं चालतंय," दिग्दर्शक हसला आणि मुलीकडे वळला. लकवा झाला की माणूस बहिरंही होतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्यानं आवाज किंचितच खाली आणला. "काम दुसरीला दिलंय. सोमवारपासून शूटिंग. पण तिला हात कसा पडतो, तोंड कसं होतं, काही कळतच नाहीये. दोन मिनिटांचा व्हिडिओ करून नेतो, तिला दाखवायला."

"आईला वाटतंय, तुम्ही तिची ट्रायल घ्यायला आलात."

"वाटू दे की. तेवढ्याच खूश राहतील."

बाईंनी सगळं ऐकलं. मग डाव्या हातानं टेबलावरचा पाण्याचा ग्लास पुढे ओढला. प्रवेश त्यांना पाठ होता. मुलगा कायमचा घर सोडून निघालाय. आई त्याला थांबवत नाही. एक घोट पाणी पिते आणि म्हणते, "दार ओढून घे, वारा येतोय." बस, एवढंच. हे एकदा नीट करून दाखवलं की सोमवारी सेटवर कोण लागेल ते याला आपोआप कळेल, इतपत भरवसा बाईंना आपल्या कामाचा होता.

दिग्दर्शकानं फोन उभा धरला.

बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं, तरी मुलीनं वळून बघितलं. ग्लास ओठांशी गेला. पाणी उजव्या कोपऱ्यातून गळून गळ्यावर, गळ्यावरून छातीवर उतरलं. मुलगी रुमाल घेऊन पुढे झाली तशी बाईंनी तिला कोपरानं मागे ढकललं. प्रवेशात मुलगी नव्हती.

"दा... दा-र," त्या म्हणाल्या. 'ओढून घे' निघालंच नाही. पुढच्या शब्दाला तोंड इतकं वाकडं झालं की एक डोळा मिटला. मग 'वारा' आला, अख्खा आणि स्वच्छ.

मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दिग्दर्शकानं फोनवर ते पुन्हा लावून पाहिलं. मान हलवली. मग बाईंकडूनच उचललेल्या समजावणीच्या आवाजात म्हणाला, "बाई, राग मानू नका हं. जरा जास्त होतंय."

"काय जास्त होतंय?" मुलीनं विचारलं.

"तोंड. आणि ते पाणी. पडद्यावर खोटं वाटेल. लोक म्हणतील, ओव्हरॲक्टिंग. हे तिला दाखवलं तर तीपण असंच करून ठेवेल."

"अहो, ॲक्टिंग कुठली! तिला खरंच झालंय ते."

"मला कळतंय हो. कॅमेऱ्याला कोण सांगणार?"

बाईंना आजवर कुणी जास्त म्हटलं नव्हतं. समीक्षकांनी कोरड्या म्हटलं होतं, थंड म्हटलं होतं. एका निर्मात्यानं तर, जरा चेहरा हलवा हो, म्हणून हात जोडले होते. बाईंनी बाहीनं हनुवटी पुसली आणि रिकामा ग्लास मुलीपुढे सरकवला.

"भ... भर."

"आई, पुरे आता."

"भर." हा मात्र सरळ आला. मग दिग्दर्शकाकडे बघून, "पु-न्हा. क... कमी."

"कमी करून दाखवते म्हणतेय," मुलीनं सांगितलं आणि ग्लास भरला.

दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं. फोन परत उभा धरला, रेकॉर्डिंगचं बटण काही दाबलं नाही. बाईंनी डाव्या हाताचं बोट ओठाच्या उजव्या कोपऱ्याखाली लावलं, कोपरा वर उचलला, बोट काढून घेतलं. कोपरा खाली आला. पुन्हा उचलला. या वेळी बोट तसंच ठेवून त्या थोडा वेळ थांबल्या. मग डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला.

"हां! आता छान जमलं, बाई," दिग्दर्शक म्हणाला आणि त्यानं फोन खिशात टाकला.

बाईंनी अजून सुरुवात केली नव्हती.